पाठमोरी

दि. ३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, क्षेमकुशल मागून. गॅलरी मिळाली! नोव्हेंबरच्या वीस तारखेपासून दहा दिवस, माझ्या एकटीचं प्रदर्शन. आजवर दुसऱ्यांच्या प्रदर्शनात माझं एखादं चित्र असायचं, तेही कुठे तर जिन्याखाली नाहीतर हात धुवायच्या जागेशेजारी. आता चारही भिंती माझ्या. गॅलरीवाल्या बाईंनी होकार कळवला तेव्हा मी तिथल्या तिथे मटकन बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली, म्हणून त्यांनी पाणी आणवलं.

बाई सहा फूट उंच आहेत आणि चित्रं स्वतःच्या नजरेच्या उंचीला टांगतात. माझ्यासारखीला मान वर करकरून आपलीच चित्रं बघावी लागणार. एकूण अठरा हवीत, त्यातली तेरा तयार आहेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कॅनव्हास भिंतीला टेकवून टेकवून शेवटी माझं अंथरूण चित्र ठेवायच्या घोडीच्या पायांशी गेलं आहे. अंगाला टर्पेंटाइनचा इतका वास येतो की शेजारीण माझ्या दारात काडी ओढायची नाही असं तिच्या नवऱ्याला बजावते.

एक सांगायचं राहिलं होतं. तेरापैकी सात चित्रं आईची आहेत. तिच्या आजारपणात मी पंधरा दिवस आले होते, तेव्हा वहीत काढलेल्या चित्रांवरून केली. वही बाजूला ठेव आणि जरा हाताला हात लाव असं तू तेव्हा दोनदा म्हणाली होतीस. तू बरोबर होतीस. मी ठेवली नाही.

उद्घाटनाला तू आणि भावोजी नक्की या. तू आली नाहीस तर मी हार घालून घेणार नाही, आणि तसंही मला हार कोण घालणार आहे!

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, प्रदर्शन संपेपर्यंत तो जरा जास्तच लागेल.

तुझी,
भिंगरी

---

दि. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी मशिनीवर बसून वाचलं आणि वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. आता उसवत बसले आहे. त्याचा दोष तुझ्याकडे.

तुझ्या भावोजींनी सगळ्या गल्लीला सांगून झालं. वाण्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलं. मी आपली सगळ्यांना सांगते की या मुलीचं पहिलं चित्र माझ्यामुळे झालं. खोटं आहे का? तुला डोळ्यासमोर नसलेली वस्तू कधी काढताच आली नाही. मांजर काढायची तर मांजर समोर बसायला हवी, आणि ती बसत नाही म्हणून तिला धरून ठेवायचं काम माझं. तुला शाळेत बक्षीस मिळालं आणि माझ्या हातावर सात ओरखडे. चित्र पुरं होईपर्यंत तू कुणाला हलू द्यायची नाहीस, मग समोरचा मेला तरी चालेल.

आईची सात चित्रं आहेत हे वाचून मन भरून आलं. मी तुला वही ठेव म्हणाले ते विसर. तेव्हा माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. बरं झालं ठेवली नाहीस, नाहीतर आज आपल्यापाशी काय उरलं असतं? माझ्यापाशी तर एकच आठवण उरली आहे आणि ती तुला माहीत आहे. आईला जाऊन दोन वर्षं झाली, पण अजून तिच्या खोलीत गेले की आधी खाटेचा कठडा बघते. खाट रिकामी आहे, तरी तो वर करून खिट्टी लावते आणि ओढून पाहते. त्या सकाळी औषध आणायला निघायच्या घाईत मी तो लावला असता, तर ती पडली नसती, मांडीचं हाड मोडलं नसतं, आणि दवाखान्यातले ते वीस दिवस आले नसते. जाऊ दे. आनंदाच्या पत्रात हे नको होतं.

जेवणाची हयगय करू नकोस. आम्ही दोघंही येणार, हे काय विचारायचं? माया आहे तशीच आहे, तू लांब राहिलीस म्हणून ती पातळ होत नाही.

तुझी,
ताई

---

दि. ८ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र चार-पाच वेळा वाचलं आणि दर वेळी उद्या लिहू म्हणून ठेवून दिलं. कामाचं निमित्त होतंच.

चित्रं काढणं सोपं, ती लोकांना बघायला आणणं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. दीडशे पाकिटांवर मी हाताने पत्ते लिहिले. बाई म्हणतात छापील पत्ता पाहिला की लोक पाकीट फोडतही नाहीत. कॉलेजात, वाचनालयात, दोन पुस्तकांच्या दुकानांत भित्तिपत्रकं लावून आले. एका दुकानदाराने ते सवलतीच्या पाटीखाली लावलं, त्यामुळे बघणाऱ्याला माझ्यावरच सूट आहे असं वाटतं. फ्रेमवाला रोज उद्या म्हणतो. बाईंनी भिंतीची मापं दोरीने घ्यायला लावली, तेव्हा तुझी आठवण आली. तू असतीस तर नुसत्या नजरेने सांगितलं असतंस.

एका वर्तमानपत्राची बाई मुलाखत घ्यायला आली होती. आईच्या चित्रांबद्दल तिने विचारलं की ही करताना मनात काय होतं. मी माया, निरोप वगैरे बरंच काही बोलले. ती भराभर लिहून घेत होती आणि मला तिच्या हातातून वही ओढून घ्यावीशी वाटत होती.

सोबत निमंत्रणपत्रिका आहे. तिच्यावर कुठलं चित्र घ्यायचं हे गॅलरीच्या बाईंनी ठरवलं. मी दुसरी दोन सुचवली होती. त्या ऐकेनात. हेच समोरच्या भिंतीवर एकटं लावायचं असंही त्यांनी ठरवून टाकलं आहे. नाव ‘पाठमोरी’. आई खाटेवर बसली आहे, तोंड खिडकीकडे. तू ओळखशीलच.

भावोजींना नमस्कार. ताई, तुझी माया आहे हे माहीत आहे, या पत्रात मागायला मात्र जीभ अडखळते.

तुझी,
भिंगरी

---

दि. १६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्रिका पोचली. चित्र फार चांगलं झालं आहे. आईचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर असायचा, ते तू धरलंस. मी बघितलं आणि पदराने डोळे पुसले. मग यांनी भिंगाने बघितलं, म्हणून मीही भिंगाने बघितलं.

एक विचारते. चित्रात तिच्या अंगात गाऊन आहे, मागून बटणांचा. तो मी शिवला होता, तिला कूस न वळवता घालता यावा म्हणून. पांढरी बटणं चारच निघाली, म्हणून सगळ्यात खालचं निळं लावलं. ते निळं बटण तुझ्या चित्रात आहे.

तो गाऊन मी आदल्या संध्याकाळी शिवून संपवला. सकाळी औषधाला निघण्याआधी तिच्या अंगात घातला. दुपारी दवाखान्यात नर्सने तो कात्रीने कापून काढला. आईच्या अंगात तो एवढाच वेळ होता. मी घरात असताना तर ती झोपूनच होती.

तू म्हणाली होतीस की तू स्वैपाकघरात चहा ठेवत होतीस आणि आवाज ऐकून धावलीस. न बघता तुला काढता येत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मग ही अशी बसलेली तू कधी पाहिलीस?

उत्तर लगेच पाठव.

ताई

---

दि. २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी स्वैपाकघरात नव्हते. खोलीतच होते, कपाटापाशी, स्टुलावर बसून तिला काढत होते.

तू गेलीस आणि थोड्या वेळात आई जागी झाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा टवटवीत होता. मला बसव म्हणाली, खिडकीतून बघायचं आहे. मी तिला धरून बसवलं. उशी लावायला गेले तर नको म्हणाली. तिने हाताने केस मागे सारले, खिडकीतला उजेड मानेवर आला, आणि ताई, मी वही उचलली. कितीसा वेळ झाला असेल? दहा मिनिटं, फार तर बारा. पाठीला उशी नसताना ती पाच मिनिटंही बसू शकत नाही हे तू मला आल्या दिवशीच सांगितलं होतंस. माझी मान कागदात होती. वर पाहिलं तेव्हा ती मागे कलंडत होती. मी चार पावलांवर होते. हातातला कोळसा टाकून धावले, पण पोचले नाही.

तुला मी चहाचं सांगितलं, कारण चित्र काढत होते असं सांगायची मला लाज वाटली. दोन वर्षं तेच खोटं तसंच ठेवलं. आणि त्याच कागदावरून मोठं चित्र केलं, हे त्याहून वाईट. मी स्वतःला सांगत होते की हे आईसाठी करते आहे. खरं कारण हे की माझ्या सगळ्या वह्यांत त्याच्याइतकी चांगली रेघ दुसरी नाही, आणि ती फुकट जावी असं मला वाटेना.

तू काय म्हणशील ते ऐकून घेईन. भावोजींना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

भिंगरी

---

दि. २९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी मशिनीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या गणवेशांची बाई दारात येऊन बसली, तेव्हा लावावा लागला. शिवता शिवता डोकं जरा थाऱ्यावर आलं.

तू खोटं बोललीस हे मला लागलं. पण माणूस घाबरला की बोलतो. तू तेव्हा सत्तावीस वर्षांची असलीस तरी चेहरा मात्र भांडं फोडलेल्या पोरीचा झाला होता. आणि मी शांतपणे विचार केला. तू खोलीत होतीस की स्वैपाकघरात, याने फरक कितीसा पडला? कठडा वर असता तर ती कलंडून त्याला टेकली असती. दंडाला खरचटलं असतं, एवढंच. तुझ्या चित्रातही दिसतंच आहे. मागची कड मोकळी आहे, कठडा खाली आहे. इतके दिवस मला कधीतरी वाटायचं, की कदाचित मी लावला होता आणि खिट्टी सटकली असेल. आता ती शंका नाही. राहिला तो माझ्याच हातून. तू नुसती बघत होतीस, खाट उघडी टाकून गेले ती मी. तेव्हा सगळं स्वतःवर ओढून घेऊ नकोस. यातला मोठा वाटा माझा आहे आणि मला त्याची सवय झाली आहे.

यांना मी सांगितलं. हे म्हणाले, पोरीचं पहिलं प्रदर्शन आहे, तिला आता रडवू नकोस. म्हणून हा विषय संपला. तुझ्यासाठी गडद निळा ड्रेस शिवते आहे. गेल्या वेळच्या मापाने बेतला आहे. वाळली असलीस तर कंबरेत आत घेता येईल, सुटली असलीस तर मात्र श्वास रोखून उभी राहा. आम्ही एकोणीसला निघतो. मला ते चित्र समोर उभं राहून बघायचं आहे.

एकच राहून गेलं. पडायच्या आधी आई काही बोलली का गं? दवाखान्यात ती शुद्धीवर अशी आलीच नाही. तिचं शेवटचं बोलणं तूच ऐकलं असशील. आठवत असेल तर लिही.

पोटभर जेव. मोठ्या बहिणीची माया चुकीवरून कमी-जास्त होत नसते.

तुझी,
ताई

---

दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्काराचे चार शब्द लिहायलाही हात धजत नाही, तरी सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आज चित्रं गॅलरीत पोचली. ‘पाठमोरी’ समोरच्या भिंतीवर लावून झालं. बाईंनी दिव्याची तिरीप तिच्या मानेवर आणली आणि त्या स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. आता हे लिहिलं नाही तर पुढच्या आठवड्यात तू माझ्या शेजारी उभी असशील आणि त्या मोकळ्या कडेकडे बघून म्हणशील की बघ, मीच तो लावला नाही.

ताई, तू लावला होतास. वर केला होतास, खिट्टी लावली होतीस, ओढून पाहिलीही होतीस. मी बघत होते.

मी तो खाली केला.

आईला बसवलं आणि स्टुलावर येऊन बसले, तर कठड्याचे गज तिच्या पाठीवरून आडवे जात होते. मानेपासून कंबरेपर्यंतची रेघ तीन ठिकाणी तुटत होती. मी उठले, खिट्टी काढली, कठडा खाली सोडला आणि परत जागेवर जाऊन बसले. मनात दुसरा विचारही आला नाही. टेबलावरचा पेला रेषेच्या आड आला म्हणून बाजूला करावा, तितक्या सहज केलं.

आई काय बोलली ते तू विचारलंस. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी काढते आहे हे तिला कळलं होतं. कोळशाचा आवाज ती ओळखायची. तिने न वळता विचारलं, काढतेस का गं मला? मी हो म्हटलं. ती हसली आणि ताठ बसली. मग काही वेळाने तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, एक मिनिट. परत थोड्या वेळाने तेच विचारलं, आवाज बारीक झाला होता. मी मान वर न करता म्हटलं, हलू नकोस, झालंच. ती हलली नाही. ती दमली होती, ताई, आणि माझ्यासाठी हलली नाही.

हे मी मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. अर्धं लिहिलं, कारण अर्धं लिहूनही तू माफ करशील हे मला ठाऊक होतं. तू केलंसही, वर उरलेली चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलीस. दोन वर्षं तू रिकाम्या खाटेची खिट्टी ओढून पाहते आहेस आणि मी इथे त्याच सकाळीवर वार्निश देते आहे. यापेक्षा तू मला दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

तू सांग, मी चित्र उतरवते. बाईंना काहीही कारण देईन. पत्रिका वाटून झाल्या आहेत, तरी उतरवीन. उभं फाडायला सांगितलंस तर फाडीन.

मी तुझ्या लोभाचं नाव काढत नाही.

भिंगरी

---

दि. १९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र भावोजींच्या हाती देते आहे, ड्रेसही त्यांच्याकडेच आहे. मी येत नाही. मला बरं नाही असं नाही, आणि काम अडलंय असंही नाही. मला यायचं नाही.

तुझं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं, हातातली शिलाई पुरी केली. मग पुन्हा वाचलं. यांना दिलं. हे वाचून म्हणाले की चला, आता तरी तू स्वतःला बोल लावणं सोड. मी यांच्यावर इतकी ओरडले की शेजारी खिडकीत आले. दोन वर्षं रोज ज्याच्याबरोबर उठले-बसले, ते एका पत्राने जातं होय? आजही खोलीत गेले तर हात आधी तिकडेच गेला.

राग कशाचा आला ते नीट सांगते, म्हणजे तू भलत्याच गोष्टीसाठी रडत बसणार नाहीस. कठडा खाली केलास म्हणून नाही. तो मीही दिवसातून दहादा खाली करायची. एक मिनिट म्हणालीस म्हणूनही नाही. आईला तू तासभर बस म्हटलं असतंस तरी ती बसली असती, आणि कितीही दमली तरी तिने तुला बस्स म्हटलं नसतं. ती तशीच होती.

राग दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. म्हणाले, मी मारलं गं आईला, मी कठडा लावला नाही. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. कितीतरी वेळ फिरवलास. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की त्या दिवशी धाकटीने मला सावरलं. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो, आणि तुझं पत्र वाचल्यापासून तो कसा काढून टाकू ते कळत नाही.

चित्र उतरवायचं नाही. फाडायचं तर नाहीच. उतरवलंस की तू मोकळी होशील, आणि आई तेवढा वेळ बसली ते वाया जाईल. दहाही दिवस त्याच्यापाशी उभी राहा. लोक म्हणतील, किती शांत बसली आहे. त्यांचे आभार मान. कुणी विचारलं की कोण आहे, तर आई आहे म्हण. आणि कुणी विचारलं की ती एवढी निश्चल कशी बसली, तर खरं ते सांग. वर्तमानपत्राच्या बाईने विचारलं तरी तेच सांग.

मी कधी येईन ते आता सांगता येत नाही. येईन हे नक्की. मग आपण दोघी ते बघू. तेव्हा मला रडू आलं तर येऊ दे, मी सांगेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवू नकोस.

लोभ कमी झाला असता तर मला सोपं गेलं असतं. झाला नाही.

ताई